नाळ कापणाऱ्या हातांचा हिशेब

शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत, ही गोष्ट सगळ्या देशाला ठाऊक आहे. आपल्या नेवासा तालुक्यातले हे गाव त्यासाठीच प्रसिद्ध झाले. पण याच गावात शनीच्या चौथऱ्यावर बाईने पाय ठेवायचा नाही, असा रिवाज २०१६ पर्यंत चालू होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली आणि दर्शन घेऊन गेली. तेवढ्यावरून गदारोळ झाला आणि दुधाचा अभिषेक करून मूर्तीचे 'शुद्धीकरण' केले गेले. पुढे आंदोलन उभे राहिले. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, चौथरा बायकांसाठी खुला झाला. चोराची भीती नाही म्हणून या गावात घराला कडी नाही. बाईच्या विटाळाची भीती मात्र होती, म्हणून चौथऱ्याला कडी होती.

आपण बौद्ध आहोत. १९५६ साली बाबासाहेबांसोबत आपण तो चौथराही सोडला आणि तो देवही सोडला. मग आरोग्याच्या पानावर शिंगणापूरची आठवण कशाला, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर असे, की त्या दुधाने जे धुवायचे होते, ते म्हणजे बाईचे शरीर. तिची पाळी आणि तिचे बाळंतपण. ज्या विचाराने बाईला चौथऱ्यापासून लांब ठेवले, त्याच विचाराने बाळंतिणीला घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात बसवले. आणि ज्या रक्ताला गाव विटाळ म्हणत होते, त्या रक्तात हात घालायचे काम त्याच विचाराने गावकुसाबाहेरच्या बाईवर टाकले. बाळंतपणात बाई का दगावते, कोणाची दगावते आणि तिच्याशी कोण कसे वागते, हा प्रश्न औषधाचा आहे, तेवढाच जातीचा आहे. आज जगभर याला 'बाळंतपणातला न्याय' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द नवा असेल, पण प्रश्न जुना आहे आणि तो आपल्याच एका लेकीने विचारलेला आहे.

१८५५ सालचा प्रश्न

मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीमाई फुले यांच्या शाळेतली मातंग समाजाची विद्यार्थिनी. वय जेमतेम चौदा. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हा निबंध आपण जातीविरुद्धचा पहिला आवाज म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यातला एक भाग आरोग्याच्या पानावर पुन्हा पुन्हा सांगायला हवा. मुक्ता लिहिते ती बाळंतपणाबद्दल. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर धड छप्पर नसते, थंडी-वारा-पाऊस अंगावर घेत त्या बाळंत होतात, याचा विचार तुम्ही आपल्या अनुभवावरून करा, असे ती उच्चवर्णीयांना सुनावते. पुढे ती विचारते, की बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा आणायचा कुठून? तुमच्यातला कोणता वैद्य फुकट औषध देत होता?

त्या चौदा वर्षांच्या मुलीने घर, पैसा, औषध आणि जात हे चारही धागे एकाच ठिकाणी बांधले. आज आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक मोठमोठ्या अहवालांत हेच सांगतात. बाळंतीण दगावली तर केवळ तिचे नशीब किंवा तिचे अडाणीपण याला कारण नसते. तिच्या डोक्यावर छप्पर आहे का, पोटात अन्न आहे का, दवाखाना तिला आत घेतो का आणि आत घेतल्यावर माणूस म्हणून वागवतो का, यावर तिचा जीव अवलंबून असतो. बाळंतपणातल्या न्यायाचा मराठीतला पहिला लेख आपल्या वस्तीतून आला, याचा आपल्याला अभिमान असला पाहिजे.

सुईण कोण होती?

दवाखाने नव्हते तेव्हा गावाची बाळंतपणे सुईण करायची. मराठी मुलखातल्या अनेक गावांत ती मांग, महार किंवा न्हावी समाजातली असायची. पाटलाच्या वाड्यावरची सून अडली, की रात्री-अपरात्री बोलावणे यायचे ते आपल्या वस्तीत. एरवी जिची सावली चालत नव्हती, तिचा हात त्या रात्री चालायचा. पोटावर हात ठेवून मूल आडवे आहे की डोक्यावर आहे हे ती ओळखायची. बाईला चालायला लावायची, उकिडवी बसवायची, पाठ चोळायची, धीर द्यायची. मूल बाहेर आले की नाळ कापायची, वार पडेपर्यंत थांबायची, ती पुरायची, रक्ताची लुगडी धुवायची. पुढचे काही दिवस बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायची. मग बाळंतिणीची सोयर फिटली, घर सारवून झाले, की सुईणही पुन्हा उंबऱ्याबाहेर. ज्या मुलाला तिने पहिल्यांदा हातात घेतले, तेच मूल मोठे झाले की तिला शिवायचे नाही.

मोबदला काय? थोडे धान्य, एखादे लुगडे, खण-नारळ, मुलगा झाला तर थोडे जास्त. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांच्या यादीत सुतार आहे, लोहार आहे, न्हावी आहे, महार-मांगही आहेत. सुईण नाही. अख्खे गाव जिच्या हातावर जन्मले, तिच्या नावाने खळ्यावर वाटा नव्हता. तिचे काम कौशल्याचे होते, पण त्याची गणती घाणीच्या कामात झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुने ते सगळे सोने नव्हते. गंजलेल्या पात्याने किंवा विळ्याने नाळ कापल्यामुळे, नाळेवर राख-शेण लावल्यामुळे कितीतरी बाळे धनुर्वाताने गेली. पहिला चीक फेकून दिल्यामुळे बाळाला मिळायचे ते बळ गेले. अंगावरून रक्त वाहू लागले किंवा बाळंतिणीला झटके आले, तर सुईणीच्या हातात काहीच उपाय नव्हता. म्हणून हा लेख घरी बाळंत व्हा असे म्हणत नाही. बाळंतपण दवाखान्यातच झाले पाहिजे. पण सुईणीला जे शिकवायला हवे होते, ते तिला कोणी शिकवले नाही. तिच्याकडून काम घेतले, तिला विटाळ म्हटले आणि शेवटी अडाणी म्हणून बाजूला सारले.

सातासमुद्रापार तीच कहाणी

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. त्यामुळे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सुईणींची गोष्ट आपल्याला परकी वाटायचे कारण नाही.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या बायकांनी बाळंतपणाचे ज्ञान सोबत नेले. मळ्यावर राबणाऱ्या गुलाम बायकांची बाळंतपणे त्या करायच्या आणि मालकिणीचीही करायच्या. त्याच काळात, १८४० च्या दशकात, अलाबामा राज्यात जे. मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर अनार्का, बेट्सी आणि ल्युसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियेचे प्रयोग करत होता. त्याला स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हटले गेले आणि न्यूयॉर्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. तो पुतळा २०१८ साली हटवला गेला.

गुलामगिरी १८६५ साली संपली, पण दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांचे दवाखाने काळ्या बाईला आत घेत नव्हते. तिची बाळंतपणे सुईणीच करत राहिल्या. १९२१ साली माता-बालकांच्या आरोग्यासाठी तिथे कायदा झाला आणि त्यातून सुईणींना प्रशिक्षण देणे, परवाना देणे, त्यांच्या पिशव्या तपासणे सुरू झाले. त्यातले काही चांगलेही होते. स्वच्छता आली, नोंद आली. पण सोबत असा प्रचारही झाला, की या बायका घाणेरड्या आहेत, अडाणी आहेत, अंधश्रद्धाळू आहेत. हळूहळू परवाने बंद झाले. अलाबामात १९७६ च्या कायद्याने त्यांचे काम थांबवले. त्याच राज्यातल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांनी तीन हजारांहून अधिक बाळंतपणे केली होती. सुईणींना बंद केले, पण त्यांच्या जागी काळ्या बाईला सन्मानाने वागवणारा दवाखाना मात्र दिला नाही.

परिणाम आजही दिसतो. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या माता सुमारे १४.५ दगावल्या, तर काळ्या माता ५०.३. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात तिपटीहून अधिक फरक. म्हणूनच १९९४ साली तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी मूल व्हावे की न व्हावे एवढ्यापुरता हक्क पुरत नाही, त्यासोबत सामाजिक न्याय हवा, अशी मांडणी केली. त्यातूनच बाळंतपणातल्या न्यायाची चळवळ वाढली. आज तिथे काळ्या मुली पुन्हा सुईण होत आहेत, पण शिकून, नोंदणी करून आणि आजीचे नाव अभिमानाने सांगून.

काम सोडले ते बरोबरच केले

आपला रस्ता मात्र थोडा वेगळा आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. अमेरिकेतल्या सुईणीकडून काम हिरावून घेतले गेले. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आपल्याच लोकांनी ते काम ठामपणे नाकारले. उत्तर प्रदेशात स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत दलितांचे 'नारा-मवेशी' आंदोलन झाले. नारा म्हणजे नाळ, मवेशी म्हणजे गुरे. पुरुषांनी मेलेली गुरे ओढायची नाहीत आणि बायकांनी सवर्णांच्या घरी नाळ कापायला जायचे नाही, असे ठरले. त्याबद्दल त्यांना मार खावा लागला, त्यांची वाट अडवली गेली. तरी ते मागे हटले नाहीत. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढू नका असे सांगितले होते, त्याच विचाराची ही वाट होती.

या बायकांनी नाळ कापायचे सोडले ते कौशल्याला कमी समजून नव्हे. जन्माने लादलेले, विटाळाच्या नावाखाली करवून घेतलेले, मोबदला नसलेले काम त्यांनी सोडले. म्हणून आज कोणी परंपरेचे गोडवे गात 'दाईंची थोर परंपरा जपा' म्हणू लागले, तर आपण विचारले पाहिजे: ती परंपरा कोणाच्या डोक्यावर होती? शिक्षण, पगार, नोंदणी आणि मान देणार असाल तर बोला. नाहीतर आमच्या आज्यांनी जे जोखड फेकले, ते आम्ही पुन्हा उचलणार नाही.

पण त्याच वेळी आपल्याकडूनही एक गोष्ट निसटली. जोखड फेकताना त्याखालचे ज्ञानही आपण लाजेने झाकून ठेवले. आमची आजी सुईण होती, हे सांगायला आपल्या घरात संकोच वाटतो. आजी डॉक्टर असती तर वाटला असता का? लाज वाटायचीच असेल तर तिला उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्यांना वाटू द्या.

बाबासाहेब आणि बाळंतपण

बाबासाहेबांनी राज्यघटना दिली, हे आपण सांगतो. त्यांनी बाळंतिणीसाठी काय केले, हे आपण फारसे सांगत नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा ते त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, मालकानेही अंग काढून घेता कामा नये, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

दुसरी गोष्ट तर थेट आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे तो मांडला नगर जिल्ह्यातून निवडून आलेले पी. जे. रोहम यांनी. लागोपाठच्या बाळंतपणांनी बाईचे शरीर खचते, तिच्या मर्जीविरुद्ध तिच्यावर गर्भ लादला जाऊ नये, असा त्यामागचा विचार होता. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर एका मुलापलीकडे कोणी तयार झाला नसता, असेही त्या भाषणात सांगितले होते. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. पण आपल्या जिल्ह्यातून गेलेल्या एका दलित आमदाराने पंचाऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी सभागृहात उभे राहून बाईच्या कळांबद्दल बोलावे, ही मोठी गोष्ट आहे.

जामखेडने काय दाखवले

सुईणीला शिकवले असते तर काय झाले असते? याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बायका आरोग्य कार्यकर्त्या म्हणून निवडल्या. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्यांना दर आठवड्याला शिकवले जाई. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, धोका ओळखून वेळेत दवाखान्यात पाठवणे, बाळाचे वजन, जुलाबावर साखर-मिठाचे पाणी, हे सगळे त्या शिकल्या. दुष्काळात विंधनविहिरी घेतल्या तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील असे पाहिले गेले, म्हणजे सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथेच यावे लागे.

१९७१ च्या सुमारास त्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या वीसेक वर्षांत हा आकडा वीस-पंचवीसच्या घरात आला. यंत्रे आणि मोठी इमारत याने हे झाले नाही. जिला गाव अडाणी समजत होते तिला शिकवले, तिच्यावर विश्वास ठेवला, म्हणून झाले. याच जामखेडच्या कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ यांनी अमेरिकेत एका परिषदेत डॉक्टरांना छतावरच्या झुंबराची उपमा दिली होती. झुंबर सुंदर आणि महाग, पण लांब. आपण मात्र साधी पणती, आणि एका पणतीवरून दुसरी पेटवता येते, असा तिच्या बोलण्याचा मथितार्थ होता. एक मुक्ता १८५५ साली प्रश्न विचारून गेली, दुसऱ्या मुक्ताने त्याचे उत्तर करून दाखवले.

विटाळ गेला कुठे?

आज चित्र पुष्कळ बदलले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१८-२० या काळात राज्यात एक लाख जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण ३३ होते, देशाचे ९७. हे यश आहे आणि त्यात आशाताई, अंगणवाडी ताई आणि परिचारिका यांचा मोठा वाटा आहे.

पण दवाखान्यात पोचणे म्हणजे न्याय मिळणे नव्हे. वस्तीतल्या बायका एकमेकींना काय सांगतात, ते ऐका. कळा येताना ओरडले म्हणून शिवी मिळाली. आडनाव विचारले आणि बोलण्याचा सूर बदलला. तीन पोरे कशाला काढली म्हणून टोमणा बसला. पोटावर जोराने दाबले. सोबत आईला किंवा सासूला आत येऊ दिले नाही. घरातला विटाळ गेला आणि प्रसूतिकक्षात हातमोजे घालून येऊन बसला, असे म्हणायची वेळ येते.

पैशाची बाजू वेगळीच. त्याच पाहणीनुसार देशात सरकारी दवाखान्यांत सुमारे १४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, तर खासगीत ४७ टक्के. सिझेरियन जीव वाचवते, गरज असेल तर नाही म्हणू नये. पण रस्त्याच्या एका बाजूला १४ आणि दुसऱ्या बाजूला ४७, हा फरक बाईच्या शरीराचा नसतो.

आणि ज्या बायका दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत? आपल्या तालुक्यात सोनईला आणि भेंड्याला साखर कारखाने आहेत. दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यात दलित, भटक्या आणि आदिवासी बायका असतात. नववा महिना लागलेली बाई डोक्यावर मोळी वाहते आणि पाचटाच्या कोपीत बाळंत होते. गरोदरपणाची नोंद गावाकडे, ती इथे. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मुक्ता साळवेने विचारले होते त्या छपराचा प्रश्न कोपीत अजून तसाच आहे.

आपण काय करायचे?

पहिले काम आपल्या घरात. बाळंतिणीला कोपऱ्यात ठेवणे, तिचे पाणी-भांडे वेगळे करणे, बाराव्या दिवसापर्यंत विहारात येऊ न देणे, पाचवीला सटवी पूजणे, हे अजूनही काही बौद्ध घरांत चालते. धम्मात विटाळाला जागा नाही. महामायेने लुंबिनीच्या वनात शालवृक्षाची फांदी धरून उभ्यानेच सिद्धार्थाला जन्म दिला, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितले आहे. पुढे थोड्याच दिवसांत ती गेली आणि महाप्रजापतीने बाळ वाढवले. तथागतांचे चरित्र बाळंतपणापासून आणि एका आईच्या मृत्यूपासून सुरू होते. अशा धम्माच्या घरात बाळंतीण अपवित्र कशी? तिला उजेड द्या, वारा द्या, पोटभर जेवण द्या, बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्यायला आणि चीक पाजायला सांगा. नाळेला काहीही लावू नका.

दुसरे काम, हक्क पाठ करणे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात साधे बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरापासून ये-जा करायला गाडी हे सगळे मोफत आहे. आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत आहेत. १०२ आणि १०८ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. जननी सुरक्षा योजनेत आणि मातृवंदना योजनेत पैसे मिळतात, त्यासाठी आधार, बँक खाते आणि जातीचा दाखला सातव्या महिन्याच्या आधी तयार ठेवा. दाखल्यात नवबौद्ध आणि अनुसूचित जाती यांचा घोळ असेल तर तो आधीच निस्तरा, कळा सुरू झाल्यावर नव्हे.

सोबत राहणारी बाई हाही हक्क आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या सूचनांत सांगितले आहे, की बाळंतिणीला तिच्या पसंतीची सोबत द्यावी, तिला हिंडू-फिरू द्यावे, सोयीच्या स्थितीत बसू द्यावे, पोट दाबू नये, गरज नसताना टाके पडतील असा छेद देऊ नये. केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सन्मानाची वागणूक सांगितली आहे. आपल्या सुईणी जे करत होत्या, उकिडवे बसवणे, चालायला लावणे, पाठ चोळत धीर देणे, त्याला आज शास्त्राची मान्यता आहे. शिवी मिळाली, हाकलले, पैसे मागितले, तर तारीख आणि वेळ लिहून वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. एकटीने नको, महिला मंडळाने मिळून द्या.

धोक्याच्या खुणा मात्र घरातल्या पुरुषांनाही पाठ असल्या पाहिजेत. अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखणे आणि डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा-हात सुजणे, झटके, पाणी जाऊन कळा न येणे, बाळाची हालचाल कमी होणे, बाळंतपणानंतर ताप किंवा न थांबणारा रक्तस्राव. यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. भगताकडे जाऊ नका. गाडी बोलवा. हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या रोज घ्या, चहाबरोबर घेऊ नका.

तिसरे काम आपल्या मुलींसाठी. केंद्र सरकारने २०१८ साली प्रशिक्षित सुईण-परिचारिकांची योजना आणली. परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या बाईला दीड वर्षाचे खास प्रशिक्षण देऊन साधी बाळंतपणे स्वतंत्रपणे करण्याचा अधिकार द्यायचा, असा तिचा आराखडा आहे. यात आपल्या मुली दिसल्या पाहिजेत. बारावी झालेल्या मुलीला एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगला घाला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहेत. आजीने हे काम जन्माच्या सक्तीने केले. नातीने ते शिकून, पगार घेऊन, स्वतःच्या मर्जीने केले, तर ते जोखड राहत नाही. आपली मुलगी प्रसूतिकक्षात अधिकाराने उभी असेल, तर आडनाव ऐकून सूर बदलणाऱ्यांची हिंमत आपोआप कमी होईल.

चौथे काम सगळ्यात सोपे आणि सगळ्यात तातडीचे. आपल्या वस्त्यांत जुन्या सुईणी आता थोड्याच उरल्या आहेत. येत्या वर्षावासात प्रत्येक विहारात एक दुपार त्यांच्यासाठी ठेवा. किती बाळंतपणे केली, कोणाच्या घरी केली, काय मिळाले, कोणी पाणी वरून ओतले, मूल आडवे असले तर काय करायच्या, हे सगळे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, वहीत लिहा. त्यांचा शाल देऊन सत्कार करा. १४ एप्रिलच्या व्यासपीठावर पुढाऱ्यांच्या रांगेत एक खुर्ची त्यांच्यासाठी ठेवा.

मोठ्या वाड्यांवर जन्मलेल्या कित्येकांची पहिली आंघोळ आपल्या आज्यांच्या हातून झाली. त्या हातांची गावाने कधी नोंद केली नाही. ती नोंद आता आपण करू, आणि तेच हात पुढच्या पिढीत शिकलेले, नोंदणी झालेले आणि पगारी असतील याचीही सोय करू.

जय भीम! नमो बुद्धाय!